हिशेबाचा कॉलम मांडायचा कुठे?

एक्सेलमध्ये हा प्रश्न कधी पडतच नाही. नग एका कॉलममध्ये, दर शेजारच्या कॉलममध्ये. तिसऱ्यात बरोबरचं चिन्ह टाकून गुणाकार लिहायचा, सेलच्या कोपऱ्यावर डबल-क्लिक करायचं, की सूत्र शेवटच्या ओळीपर्यंत उतरतं. जागा एकच, त्यामुळे निवडायला काही नसतंच. पुढे धंदा वाढतो, बिलांच्या ओळी एक्सेल शीटच्या १०,४८,५७६ ओळींच्या मर्यादेला टेकतात, मालकाला मोबाइलवर डॅशबोर्ड हवासा वाटतो, आणि एक्सेलमध्ये मुरलेला माणूस मायक्रोसॉफ्टचंच रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर, पॉवर बीआय, उघडतो. तिथे वर रिबनवरच ‘न्यू कॉलम’ असं बटण असतं. ओळखीचं वाटतं. क्लिक केलं, एक्सेलसारखंच सूत्र लिहिलं, कॉलम तयार. मग दुसरा, तिसरा, पंचविसावा. वर्षभराने फाइल रिफ्रेश व्हायला तासभर घेते, आणि नफ्याची टक्केवारी कुठे ३५ तर कुठे साडेपाच दिसते.

पॉवर बीआयमध्ये काढीव कॉलमसाठी जागा एकाहून जास्त आहेत, हे त्या बटणावर कुठेच लिहिलेलं नसतं. जागा निवडताना मला दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात: उत्तर केव्हा ठरतं, आणि ते कुणाकुणाला लागतं. बाकी सगळं यांच्या मागून येतं.

हातात धरायला एक उदाहरण घेऊ. कोल्हापुरातला साबण, तेल, टूथपेस्ट, तूप असा माल दुकानांना पुरवणारा एक वितरक समजा. ३,००० दुकानं, प्रत्येकाला आठवड्याला एक बिल, बिलात सरासरी दहा ओळी. वर्षाला साडेपंधरा लाखांवर ओळी होतात; तीन वर्षं आणि वर दोन-तीन महिने गेले की पन्नास लाख. त्याच्या पॉवर बीआय मॉडेलमध्ये, म्हणजे आत आणून एकमेकांना जोडलेल्या डेटात, चार टेबलं आहेत: बिलांच्या ओळी, ग्राहक, वस्तू आणि तारखा. मधोमध बिलांचं मोठं टेबल आणि भोवती तीन छोटी. यालाच स्टार स्कीमा म्हणतात.

या मॉडेलमध्ये नवा हिशेब चार ठिकाणी बसवता येतो. पहिली जागा म्हणजे मूळ डेटाबेस, जिथे बिलिंगचं सॉफ्टवेअर नोंदी लिहितं. तिथे टेबलातच काढीव कॉलम ठेवता येतो किंवा एसक्यूएलमध्ये व्ह्यू लिहिता येतो. दुसरी जागा पॉवर क्वेरी. डेटा मॉडेलमध्ये येण्यापूर्वी तिथे त्याची साफसफाई होते. तिसरी जागा डॅक्स भाषेतला कॅल्क्युलेटेड कॉलम, म्हणजे ते ओळखीचं बटण. चौथी जागा मेझर. मेझर हाही डॅक्समध्येच लिहितात, पण तो कुठल्याच ओळीत बसत नाही. रिपोर्ट बघणाऱ्याने काही निवडलं की त्या क्षणी त्याचं उत्तर निघतं.

हे चारही हिशेब वेगवेगळ्या वेळी होतात. डेटाबेसमधला हिशेब नोंद होताना किंवा वाचताना होतो. पॉवर क्वेरीतला रिफ्रेशच्या वेळी होतो, डेटा आत शिरण्याआधी. कॅल्क्युलेटेड कॉलमही रिफ्रेशच्याच वेळी होतो, पण सगळी टेबलं आत येऊन बसल्यावर. मेझर मात्र रिफ्रेशची वाट बघत नाही आणि आधी काही साठवतही नाही.

आता पहिली गाळणी. बघणाऱ्याच्या निवडीप्रमाणे जे उत्तर बदलायला हवं, ते कुठल्याही कॉलममध्ये बसवू नये. टक्केवारी हे याचं ठळक उदाहरण. बिलाच्या दोन ओळी घ्या. साबणाची विक्री २०० रुपये, त्यात नफा ६०. म्हणजे ३० टक्के. तेलाच्या डब्यांची विक्री ९,८०० रुपये, नफा ४९०. म्हणजे ५ टक्के. प्रत्येक ओळीपुढे टक्केवारीचा कॉलम केला तर दोन्ही आकडे आपापल्या जागी अगदी बरोबर असतात. घोळ होतो खाली बेरजेच्या ओळीत. पॉवर बीआयला तो कॉलम म्हणजे आकड्यांचा एक रकाना, त्यामुळे ते सरळ बेरीज करतं: ३५ टक्के. कुणीतरी शहाणपणा करून बेरजेऐवजी सरासरी निवडतं, तेव्हा साडेसतरा येतात. खरं उत्तर एकूण नफा ५५० भागिले एकूण विक्री १०,०००, म्हणजे साडेपाच टक्के. आधी दोन्ही बेरजा आणि मग भागाकार, हा क्रम फक्त मेझरला पाळता येतो. कारण बघणाऱ्याने एक तालुका निवडला की बेरजा त्या तालुक्यापुरत्या होतात, एक महिना निवडला की त्या महिन्यापुरत्या. टक्केवारी, सरासरी दर, गेल्या वर्षीशी तुलना, एकूणातला वाटा ही सगळी मेझरची कामं. इथे वाद घालण्यासारखं काही नाही.

उलट बाजूची अडचण अशी, की मेझर स्लायसरमध्ये टाकता येत नाही, तक्त्याच्या उभ्या-आडव्या अक्षावर मांडता येत नाही आणि दोन टेबलं जोडायलाही चालत नाही. ‘छोटं दुकान, मध्यम दुकान, मोठं दुकान’ अशी बटणं रिपोर्टवर हवी असतील, तर त्या तीन नावांचा कॉलम कुठेतरी असावाच लागतो. ज्याची बेरीज वा गुणोत्तर वाचायचं ते मेझर आणि ज्याने गटवारी करायची तो कॉलम, एवढी विभागणी केली तरी निम्मे निर्णय होऊन जातात.

नग गुणिले दर ही मात्र मधली केस. बहुतेक जण तिचा कॉलम करतात. गरज नसते. ‘समएक्स’ हे फंक्शन ओळ-ओळ गुणाकार करत बेरीज काढतं आणि इतका साधा गुणाकार पॉवर बीआयचं इंजिन लाखो ओळींवर फार लवकर उरकतं. पण याच्याही आधी एक प्रश्न विचारावा: ही रक्कम मूळ डेटाबेसमध्ये आहे का? बिलावर छापलेली रक्कम सवलत वजा करून, पैशांचं राउंडिंग करून छापलेली असते. ती नोंद उपलब्ध असताना आपण नव्याने गुणाकार करत बसलो, तर लाखो ओळींत कुठेतरी दोन पैशांचा फरक पडतो आणि मग अकाउंट्सवाले तो फरक शोधत आठवडा घालवतात. जे घडून गेलं आणि कागदावर उतरलं, ते परत मोजू नये. होतं तसं उचलावं.

हे सूत्र मोडणं कुठे खरोखर महागात पडतं ते जीएसटीत दिसतं. वस्तूंच्या टेबलात प्रत्येक वस्तूपुढे कराचा दर लिहिलेला आहे. बिलाच्या ओळीपुढे कर हवा, म्हणून ‘रिलेटेड’ फंक्शनने तो दर ओढून आणायचा आणि रकमेला गुणायचं. एक्सेलमधल्या व्हीलुकअपचंच हे धाकटं भावंड, सूत्र एका ओळीचं. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, आणि एखाद्या वस्तूचा दर वर्षानुवर्षं तसाच राहिला तर हा कॉलमही वर्षानुवर्षं बरोबर उत्तर देत राहतो. मग २२ सप्टेंबर २०२५ उजाडतो. त्या दिवसापासून केसांचं तेल, टूथपेस्ट, अंगाचा साबण १८ टक्क्यांवरून ५ वर आले. तूप, लोणी, चीज १२ वरून ५ वर. कुणीतरी त्याच सकाळी वस्तूंच्या टेबलात नवे दर भरतं, जे त्याचं कामच आहे. रात्री रिफ्रेश होतो. कॅल्क्युलेटेड कॉलम प्रत्येक रिफ्रेशला पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्याने मोजला जातो. कालचं उत्तर राखून ठेवण्याची त्याला सवयच नाही. त्यामुळे १० ऑगस्टच्या बिलातली १,००० रुपयांची तेलाची ओळ, जिच्यावर ग्राहकाकडून १८० रुपये कर घेतला, तो सरकारकडे भरला आणि रिटर्नही दाखल झालं, ती आता ५० रुपये कर दाखवायला लागते. एकही सूत्र चुकलेलं नाही, कुठेही लाल एरर नाही. जुने सगळे महिने मात्र एका रात्रीत खोटे झालेले असतात.

यावर डॅक्समध्येच उपाय करता येतो, नाही असं नाही. तारखेची अट घालायची: २२ सप्टेंबरच्या आधी हा दर, नंतर तो. पण कपड्यांसारखी वस्तू आली की अटीवर अट चढते. पूर्वी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि वर १२ होते. आता २,५०० पर्यंत ५ आणि वर १८. उद्या जीएसटी कौन्सिलची बैठक होईल, अजून एक फांदी फुटेल. हा हिशेब बिलिंगच्या सॉफ्टवेअरने बिल फाडताना एकदा केलेलाच असतो, आणि त्या ओळीचा दर, करपात्र रक्कम, कर असं सगळं डेटाबेसात पडलेलं असतं. तिथून ते तीन कॉलम घ्यायचे. मूळ सॉफ्टवेअर दर साठवतच नसेल, तर ‘वस्तू, केव्हापासून, केव्हापर्यंत, दर’ असं एक छोटं टेबल डेटाबेसात ठेवून जोडणी तिथेच करावी. उत्तर व्यवहाराच्या दिवशी ठरलं होतं; त्याची जागाही व्यवहाराजवळच.

पॉवर बीआयच्या वर्तुळात मॅथ्यू रोश यांच्या नावाने एक नियम सांगितला जातो. डेटावरचे संस्कार शक्य तितके उगमाकडे करावेत आणि गरज असेल तेवढेच खालच्या अंगाला आणावेत, असं त्यांचं म्हणणं. कारण साधं आहे. डेटाबेसात केलेला कॉलम पॉवर बीआयलाही मिळतो, एक्सेलमधून थेट जोडणाऱ्यालाही मिळतो आणि उद्या कुणी दुसरंच सॉफ्टवेअर आणलं तर त्यालाही. पॉवर क्वेरीतला कॉलम त्या मॉडेलवर उभ्या असलेल्या सगळ्या रिपोर्टांना मिळतो. ‘निव्वळ विक्री’ म्हणजे परत आलेला माल वजा करून की न करता, हे पाच फाइलींत पाच जणांनी ठरवलं, की महिन्याच्या मीटिंगमध्ये पहिली वीस मिनिटं कुणाचा आकडा खरा यातच जातात.

पण उगमाकडे जाणं आपल्या हातात असेलच असं नाही. बिलिंगचं सॉफ्टवेअर बाहेरच्या व्हेंडरचं असतं, टेबलाला हात लावायची परवानगी नसते, आणि व्ह्यू लिहून द्या म्हणून मेल टाकला तर उत्तराची वाट बघणं आलं. जिथे हात पोचतो तिथे सोय मात्र चांगली आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये काढीव कॉलम ‘पर्सिस्टेड’ करून प्रत्यक्ष साठवता येतो. मायएसक्यूएलमध्ये ही सोय ५.७ आवृत्तीपासून आहे, पोस्टग्रेमध्ये २०१९ साली आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून. मुख्य अट अशी, की सूत्राचं उत्तर ठाम असावं: तीच ओळ दिली की तेच उत्तर. आजची तारीख वापरणारं सूत्र डेटाबेस असा साठवून ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता उरला नेहमीचा वाद, पॉवर क्वेरी की कॅल्क्युलेटेड कॉलम. दोन्ही रिफ्रेशच्या वेळीच होतात, दोन्हीचं उत्तर साठवलं जातं, बघणाऱ्याला फरक दिसत नाही. मग एवढी चर्चा कशाला? त्यासाठी आत डेटा कसा साठवला जातो ते बघावं लागतं.

पॉवर बीआयच्या इंजिनाचं नाव व्हर्टिपॅक. ते ओळी साठवत नाही. प्रत्येक कॉलम सुटा काढून दाबून ठेवतं. गावाचा कॉलम घ्या. पन्नास लाख ओळी आहेत, पण गावं चाळीसच. इंजिन चाळीस नावांचा एक शब्दकोश करतं आणि प्रत्येक ओळीत नावाऐवजी क्रमांक लिहितं. चाळीसपर्यंतचे क्रमांक लिहायला सहा बिट पुरतात. पुढची पायरी अशी, की एकच क्रमांक सलग हजार ओळींत आला तर तो हजारदा न लिहिता ‘हा क्रमांक, हजार वेळा’ एवढीच नोंद होते. अशा सलग रांगा जास्तीत जास्त मिळाव्यात म्हणून डेटा आत येताना इंजिन सुमारे दहा-दहा लाख ओळींचे गठ्ठे करून प्रत्येक गठ्ठ्यातल्या ओळींचा क्रम सोयीने बदलतं.

कॅल्क्युलेटेड कॉलमची अडचण इथे आहे. तो तयार होतो तेव्हा ओळींचा क्रम ठरून गेलेला असतो. पॉवर क्वेरीतून आलेला कॉलम त्या निर्णयात धरलेला असतो. कॅल्क्युलेटेड कॉलम मात्र पंगत बसल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा, मिळेल त्या जागी बसतो. त्यामुळे तोच मजकूर असला तरी तो सहसा कमी दाबला जातो. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मार्गदर्शनातही म्हणूनच पॉवर क्वेरीकडे कल आहे.

हा फरक किती? खरं सांगायचं तर बऱ्याचदा फारसा नाही. छोट्या टेबलात तर शून्यच धरा. तारखांचं टेबल दहा वर्षांचं केलं तरी साडेतीन हजारांच्या थोड्याच वर ओळी होतात. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च दाखवणारा कॉलम तिथे डॅक्समध्ये लिहिला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. पन्नास लाख ओळींच्या टेबलात मात्र फरक दिसतो, आणि त्याचं मोठं कारण दाबणुकीपेक्षा वेगळंच आहे: कॅल्क्युलेटेड कॉलम केला की त्याचा कच्चा मालही मॉडेलमध्ये ठेवावा लागतो.

बिलाची वेळ बघा. सॉफ्टवेअर ती तारीख-तास-मिनिट-सेकंद अशी एकत्र देतं. आपल्या वितरकाची पन्नास लाख ओळींत पाच लाख बिलं आहेत, म्हणजे या एका कॉलममध्ये पाच लाखांच्या आसपास वेगवेगळ्या किमती असू शकतात. शब्दकोशच पाच लाख नोंदींचा, आणि दर ओळीला एकोणीस बिट. मालकाला हवंय एवढंच: कुठल्या तारखेला, आणि सकाळी की दुपारी की संध्याकाळी. डॅक्समध्ये तारखेचा एक आणि तासाचा एक असे दोन कॉलम केले, तर मूळ अवजड कॉलम काढता येत नाही, कारण हे दोघे त्याच्यावरच उभे. ओझं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. हेच पॉवर क्वेरीत केलं तर तारीख वेगळी, तास वेगळा, आणि मूळ कॉलम तिथल्या तिथे डिलीट. मॉडेलमध्ये उतरतात त्या सव्वातीन वर्षांच्या बाराशेच्या आत तारखा आणि फार तर चोवीस तास. शब्दकोश पाच लाखांवरून बाराशेवर आला. फाइल हलकी करायला आलेल्या माणसाने आधी असे तारीख-वेळ एकत्र असलेले कॉलम शोधावेत, बाकीचं नंतर.

रिफ्रेशच्या वेळेचाही मुद्दा आहे. मोठ्या टेबलांना इन्क्रिमेंटल रिफ्रेश लावतात, म्हणजे रोज फक्त शेवटच्या काही दिवसांचा डेटा नव्याने आणायचा, जुना तसाच ठेवायचा. पॉवर क्वेरीतला कॉलम तेवढ्याच नव्या ओळींसाठी मोजला जातो. कॅल्क्युलेटेड कॉलम मात्र अख्ख्या टेबलासाठी परत मोजला जातो, मग नव्या ओळी दोन हजार का असेनात.

पॉवर क्वेरीची बाजू घेताना तिचा एक नखरा सांगायला हवा. डेटाबेसवर काम करताना ती आपल्या पायऱ्यांचं एसक्यूएलमध्ये भाषांतर करून ते काम डेटाबेसकडूनच करून घेते. याला फोल्डिंग म्हणतात. साधा गुणाकार, ‘अमुक असेल तर तमुक’ अशी अट, ओळी गाळणं हे सहसा फोल्ड होतं. पण मध्येच ओळींना अनुक्रमांक देणारा इंडेक्स कॉलम घातला, की ही साखळी तुटू शकते, आणि तुटली की त्याखालच्या सगळ्या पायऱ्या आपल्याच मशीनवर होतात. पायरीवर राइट-क्लिक करून ‘व्ह्यू नेटिव्ह क्वेरी’ बघावं. ते चालू असेल तर तिथपर्यंत काम डेटाबेसात होतंय. करडं पडलं असेल तर बहुधा साखळी तुटली आहे. म्हणून फोल्ड होणाऱ्या पायऱ्या वर, हट्टी पायऱ्या खाली. टॅलीतून एक्सपोर्ट केलेल्या एक्सेल किंवा सीएसव्ही फाइली असतील तर फोल्डिंगचा प्रश्नच येत नाही. मागे डेटाबेसच नाही.

जागा म्हणताना आपण चार थर पाहिले. पण कॉलम कुठल्या टेबलात टाकायचा हीसुद्धा जागाच आहे, आणि एक्सेलवाल्यांची सगळ्यात जुनी सवय इथे आडवी येते. एक्सेलमध्ये साधा पिव्होट करायचा तर सगळं एका शीटवर लागतं, म्हणून व्हीलुकअपने दुकानाचं गाव, जिल्हा, विभाग, सेल्समन सगळं बिलांच्या शीटवर ओढतात. तीच सवय इकडे आली, की पन्नास लाख ओळींवर ‘रिलेटेड’चे सहा-सात कॉलम चढतात. गरज काय? ग्राहकांचं टेबल बिलांना जोडलेलं आहेच. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे आणि ६ महसुली विभाग. जिल्ह्यावरून विभाग काढायचा कॉलम ग्राहकांच्या ३,००० ओळींत केला, की स्लायसरमध्ये ‘पुणे विभाग’ निवडल्यावर बिलं आपोआप गाळली जातात. वस्तूची माहिती वस्तूच्या टेबलात, दुकानाची दुकानाच्या, दिवसाची तारखांच्या. बिलाच्या ओळीत फक्त त्या ओळीचं स्वतःचं जे असेल ते.

एवढं सगळं ऐकून कॅल्क्युलेटेड कॉलम म्हणजे टाकाऊच असं वाटेल. तसं नाही. त्याची स्वतःची एक जागा आहे, अरुंद पण पक्की. दुकानांची अ, ब, क अशी वर्गवारी करायची आहे: आजवरची खरेदी दहा लाखांवर असेल तर अ, दोन ते दहा लाख ब, बाकी क. इथे ग्राहकाच्या एका ओळीचं उत्तर बिलांच्या टेबलातल्या हजारो ओळींवर अवलंबून आहे, आणि ती जोडणी मॉडेलमध्ये आधीच तयार आहे. ग्राहकाच्या टेबलात कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये ‘एकूण विक्री’ हा मेझर नुसता लिहिला, तरी डॅक्स त्या ओळीतल्या दुकानापुरती विक्री काढून देतं. पॉवर क्वेरीतही हे होतं, पण पन्नास लाख ओळींची गटवार बेरीज करून ती परत ग्राहकांना जोडावी लागते. फोल्डिंग नसेल तर रिफ्रेशचा जीव निघतो. टेबल छोटं, उत्तर मॉडेलमधल्या नात्यांवर अवलंबून, आणि त्यावर गटवारी करायची आहे. या तीन गोष्टी एकत्र आल्या की ‘न्यू कॉलम’ बेलाशक दाबावं.

त्यातही एक मेख आहे. ही वर्गवारी गोठलेली असते. बघणाऱ्याने फक्त दिवाळीचा महिना निवडला, तरी दुकान आजवरच्या खरेदीवरूनच अ किंवा ब राहतं. निवडलेल्या महिन्यापुरती वर्गवारी हवी असेल, तर मर्यादांचं एक सुटं, कशालाही न जोडलेलं टेबल ठेवून मोजणी मेझरमध्ये करावी लागते. मालकाला दोन्हीतलं काय हवंय हे आधी विचारून घ्यावं, कारण दोन्ही आकडे ‘अ वर्गाची दुकानं’ याच नावाने मागितले जातात.

उधारीच्या दिवसांचंही असंच. बिलाच्या तारखेपासून आजपर्यंत किती दिवस झाले, आणि त्यावरून ० ते ३०, ३१ ते ६०, ६१ ते ९०, त्यापुढे असे गट. ‘टुडे’ फंक्शन कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये वापरलं तर ‘आज’ म्हणजे शेवटचा रिफ्रेश झाला तो दिवस. शुक्रवारनंतर रिफ्रेश झाला नसेल, तर सोमवारीही उधारी शुक्रवारचीच. शिवाय पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेत हे फंक्शन जागतिक वेळेप्रमाणे चालतं, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. रिफ्रेश पहाटे चारला लावला असेल, तर तिथे आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, आणि तीस दिवस झालेलं बिल एकोणतीस दाखवतं. फाइल लॅपटॉपवर उघडून तपासली तर सगळं बरोबर दिसतं, कारण लॅपटॉपचं घड्याळ भारतीय आहे. साडेपाच तास मिळवून तारीख काढली की हा गोंधळ संपतो. आणि ‘३० सप्टेंबरला उधारी कशी होती?’ असं ऑडिटर विचारणार असतील, तर हा कॉलमचा विषयच उरत नाही. तो मेझर झाला.

अडून बसणारी आणखी एक छोटी गोष्ट. महिन्यांची नावं एप्रिल, मे, जून अशा आर्थिक वर्षाच्या क्रमाने दिसावीत म्हणून क्रमांकाचा कॉलम करतात आणि नावाचा कॉलम त्यावर ‘सॉर्ट’ करतात. तो क्रमांक नावाच्या कॉलमवरूनच डॅक्सने काढला असेल, तर पॉवर बीआय वर्तुळाकार अवलंबनाची तक्रार करून थांबतं. तोच क्रमांक पॉवर क्वेरीत काढून आणला की मुकाट चालतं.

डेटा आत न आणता दर क्लिकला थेट डेटाबेसला विचारणारी डायरेक्टक्वेरी पद्धत असेल, तर कॅल्क्युलेटेड कॉलम टाळाच. त्याचं सूत्र प्रत्येक प्रश्नाबरोबर डेटाबेसकडे जातं आणि प्रत्येक वेळी नव्याने मोजलं जातं. तिथे कॉलम डेटाबेसातच करून ठेवावा. आणि फक्त एका तक्त्यापुरती चालती बेरीज हवी असेल, तर २०२४ पासून व्हिज्युअल कॅल्क्युलेशन नावाची सोय आली आहे. तिचा हिशेब त्या तक्त्यातच राहतो, मॉडेलला कळतही नाही.

आधीच भरलेली फाइल हातात असेल तर डॅक्स स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात ‘व्ह्यू मेट्रिक्स’ दाबलं की प्रत्येक कॉलम किती जागा खातो आणि त्यात वेगवेगळ्या किमती किती, याची यादी मिळते. जागेप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या पाचांकडेच बघा. त्यातला एखादा कॅल्क्युलेटेड कॉलम मेझर व्हायला हवा होता का, पॉवर क्वेरीत जाऊ शकतो का, की कुठल्याच रिपोर्टमध्ये वापरलेला नाही, हे तपासा. हलवायचा ठरला तर जुना लगेच काढू नका. नवा वेगळ्या नावाने करा, दोन्ही शेजारी ठेवून बेरीज महिनावार ताडून बघा, आणि मगच जुना डिलीट करून नव्याला त्याचं नाव द्या. एखाद्या महिन्यात दोन बेरजा जुळल्या नाहीत, तर कुठली खरी हे बिलं काढून बघितल्याशिवाय फाइल पब्लिश करू नका.